खगोलशास्त्रीय संशोधनात मशीन लर्निंग: प्रश्न ठरवण्यापासून निकाल जाहीर करण्यापर्यंत

खगोलशास्त्रात मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याची पद्धत) वापरू पाहणारा संशोधक बहुतेक वेळा सुरुवात मॉडेलपासून करतो. कोणते न्यूरल नेटवर्क घ्यावे, त्याला किती थर असावेत, ते कोणत्या ग्राफिक्स कार्डावर चालेल, याचीच चर्चा आधी होते. माझ्या अनुभवात या प्रश्नांवर प्रकल्प क्वचितच अडतो. घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या खगोलीय वस्तूंची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक असतात, त्या बहुधा तेजस्वी, तुलनेने जवळच्या आणि कुणीतरी मुद्दाम निवडून तपासलेल्या असतात. ज्यांची उत्तरे हवी असतात, त्या अंधूक, दूरच्या आणि अजून कुणी नीट न पाहिलेल्या असतात. पहिल्या गटावर शिकलेले मॉडेल दुसऱ्या गटावर चालवणे हा या क्षेत्रातील बहुतेक कामांचा गाभा आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी ही अडचण नजरेसमोर ठेवूनच चढायची आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण सोबत ठेवतो. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो. या सरकण्याला रेडशिफ्ट, म्हणजे ताम्रसृती, म्हणतात. ती अचूक मोजायची तर दीर्घिकेचा वर्णपट घ्यावा लागतो आणि त्याला दुर्बिणीचा बराच वेळ लागतो. चार-पाच फिल्टरांतून छायाचित्रे घेणे त्या मानाने फार स्वस्त पडते. म्हणून फिल्टरांतील तेजावरून, म्हणजे रंगांवरून, रेडशिफ्टचा अंदाज बांधण्याची पद्धत पडली. विल्यम बाउम यांनी १९६२ मध्ये नऊ फिल्टर वापरून हे करून दाखवले होते. आज आपण ज्याला प्रकाशमितीय रेडशिफ्ट म्हणतो, ती मशीन लर्निंग शिकण्यासाठी फार चांगली समस्या आहे, कारण तिथे उत्तर नेमके असते, डेटा मुबलक असतो आणि फसण्याच्या बहुतेक सगळ्या जागाही असतात.

पहिली पायरी: उत्तर कशासाठी हवे आहे ते लिहून काढा

कोड उघडण्याआधी एका परिच्छेदात तीन गोष्टी लिहाव्यात: मॉडेल कोणत्या वस्तूंवर चालवायचे आहे, त्याचे उत्तर पुढे कोण कशासाठी वापरणार आहे, आणि कोणत्या प्रकारची चूक सर्वांत महाग पडणार आहे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. चिलीतील सेरो पाचोनवर असलेल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या सर्वेक्षणातून एका रात्रीत आकाशातील बदलांच्या एक कोटीपर्यंत सूचना निघणे अपेक्षित आहे. त्यांतील फक्त एक टक्का सूचनांना मॉडेलने चुकून 'सुपरनोव्हा' (ताऱ्याचा महास्फोट) म्हटले, तरी दर रात्री एक लाख खोटे उमेदवार समोर येतील आणि त्यांचा पाठपुरावा करण्याइतक्या दुर्बिणी जगात नाहीत. उलट, एखादा अत्यंत दुर्मीळ प्रकार शोधायचा असेल, तर दहा खोट्यांमागे एक खरा सापडला तरी सौदा चांगलाच म्हणावा लागेल. एकच मॉडेल एका कामाला उत्तम आणि दुसऱ्याला निरुपयोगी ठरते ते असे.

दुसरी पायरी: डेटा मिळवा, पण प्रत्येक स्तंभाचा अर्थ वाचूनच

आपल्या उदाहरणासाठी स्लोन डिजिटल स्काय सर्वेचा डेटा घेणे सोयीचे आहे. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील २.५ मीटर दुर्बिणीने यू, जी, आर, आय आणि झेड अशा पाच फिल्टरांतून आकाशाचा मोठा भाग टिपला आणि लाखो दीर्घिकांचे वर्णपटही घेतले. हा सर्व डेटा एसक्यूएल क्वेरी लिहून कुणालाही घेता येतो. पहिली शिस्त अशी की क्वेरी आणि डेटा रिलीजचा क्रमांक पहिल्या दिवशीच कोडसोबत जपून ठेवावा. सहा महिन्यांनी तीच क्वेरी वेगळ्या रिलीजवर चालवली, तर वेगळ्या रांगा मिळू शकतात.

आता एक गोष्ट जवळून पाहू. स्लोनच्या सारणीत एखादे मापन उपलब्ध नसेल तर त्या जागी उणे ९९९९ हा आकडा असतो. समजा, एका दीर्घिकेच्या यू फिल्टरमध्ये तो आकडा आहे आणि जी फिल्टरमधील प्रत (तेज मोजण्याची लॉगरिथमिक पट्टी; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक) २२.३ आहे. आपला कोड निमूटपणे वजाबाकी करतो आणि यू वजा जी हा रंग, म्हणजे दोन फिल्टरांतील प्रतींतला फरक, उणे १००२१.३ इतका निघतो. त्यानंतर सगळ्या स्तंभांची सरासरी काढून प्रमाणीकरण केले, म्हणजे सगळे स्तंभ एका मापात आणले, तर अशा मोजक्या रांगांमुळे उरलेल्या लाखो दीर्घिकांचे रंग एका बिंदूभोवती चेपले जातात. मॉडेल कसलीही तक्रार न करता शिकत राहते आणि निकाल 'जरा कमी' लागतो, इतकेच. असे दोष एरर मेसेज दाखवत नाहीत, म्हणून प्रत्येक स्तंभाची किमान किंमत, कमाल किंमत आणि वितरणाचा आलेख डोळ्यांनी पाहणे ही टाळता न येणारी पायरी आहे. मी यासाठी टॉपकॅट हे साधे साधन वापरतो. पायथनमध्ये अॅस्ट्रोपाय आणि पांडाज असतातच, तरीही दहा-वीस आलेख हाताने फिरवून पाहण्याला पर्याय नाही.

अशा रांगा सरसकट काढून टाकणेही बरोबर नाही. एखादी दीर्घिका यू फिल्टरमध्ये दिसतच नाही, यामागे बहुधा भौतिक कारण असते: ती फार लाल असेल, किंवा फार दूर असल्याने तिचा त्या तरंगलांबीचा प्रकाश वाटेतल्या हायड्रोजनने शोषला असेल. म्हणजे 'दिसत नाही' हीसुद्धा माहितीच आहे. तिच्यासाठी वेगळा होय-नाही स्तंभ ठेवावा आणि प्रतीऐवजी प्रत्यक्ष प्रकाशप्रवाह वापरता येतो का ते पाहावे, कारण प्रवाह शून्याच्या आसपास किंवा गोंगाटामुळे उणे निघाला तरी तो अर्थपूर्ण राहतो. साध्या लॉगरिथमच्या प्रतीला हे जमत नाही, आणि म्हणूनच स्लोनने आपल्या प्रतींसाठी व्यस्त हायपरबोलिक साइनवर आधारलेली व्याख्या स्वीकारली.

आणखी दोन दुरुस्त्या विसरू नयेत. आपल्या आकाशगंगेतील धूळ दूरच्या प्रकाशाला अंधूक आणि लालसर करते. श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांनी १९९८ मध्ये तयार केलेल्या धूळ-नकाशावरून तिची दुरुस्ती करण्याची पद्धत रूढ आहे. प्रशिक्षणाच्या डेटाला ही दुरुस्ती केली आणि वापराच्या डेटाला करायची राहिली, असे होताना मी पाहिले आहे. दुसरी गोष्ट दोन सूचींतील वस्तूंची जुळणी. ताऱ्यांच्या बाबतीत त्यांची स्वतःची गती ध्यानात घ्यावी लागते. ताऱ्यांची स्थाने मोजण्यासाठी सोडलेल्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या रिलीजमधील निर्देशांक २०१६ सालचे आहेत. वर्षाला ०.१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकणारा तारा २००० सालच्या छायाचित्रापासून तोवर १.६ विकला सरकलेला असतो आणि एक विकलेच्या त्रिज्येत शोधणाऱ्याला तो सापडत नाही. असे गळणारे तारे प्रामुख्याने आपल्या जवळचे असतात, म्हणजे नमुना पुन्हा एकाच बाजूला झुकतो.

तिसरी पायरी: माहीत असलेले आणि हवे असलेले शेजारी शेजारी मांडा

या पायरीला जितका वेळ द्याल तितका कमीच. स्लोनच्या मुख्य दीर्घिका-नमुन्यात आर फिल्टरमधील १७.७७ प्रतीपर्यंतच्या दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले. छायाचित्रे मात्र त्याच फिल्टरमध्ये साधारण २२.२ प्रतीपर्यंत पोहोचतात. प्रतीतील हा ४.४ चा फरक तेजाच्या भाषेत सुमारे साठपट होतो. म्हणजे ज्या दीर्घिकांवर मॉडेल शिकले, त्यांतल्या सर्वांत अंधूक दीर्घिकेपेक्षाही साठपट अंधूक दीर्घिकांवर आपण ते चालवायला निघालो आहोत. पुढच्या टप्प्यांत स्लोनने अधिक अंधूक दीर्घिकांचेही वर्णपट घेतले, पण त्या ठरावीक रंगांच्या कसोटीने निवडलेल्या होत्या. त्यांत तांबूस, वजनदार दीर्घिकांचा भरणा आहे. त्याच प्रतीच्या निळ्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिका मॉडेलने जवळपास पाहिलेल्याच नसतात.

म्हणून दोन्ही संचांची प्रत, प्रत्येक रंग आणि मापनातील त्रुटी यांची वितरणे एकाच आलेखावर काढावीत. त्यानंतर एक सोपी चाचणी करावी: 'ही रांग प्रशिक्षण संचातली की वापराच्या संचातली?' हे ओळखण्यासाठीच एक वर्गीकारक, म्हणजे गट ओळखणारे मॉडेल, शिकवावा. तो दोन संच सहज वेगळे करू शकला, तर ते एकमेकांसारखे नाहीत आणि प्रशिक्षण संचावरची अचूकता वापराच्या संचाला लागू पडणार नाही. ते कोणत्या स्तंभावरून वेगळे केले तेही पाहावे, कारण अडचण कुठे आहे हे तिथेच कळते.

यावर उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, वजने देण्याचा. लिमा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत प्रत्येक प्रशिक्षण-दीर्घिकेभोवती रंग-प्रतीच्या अवकाशात वापराच्या संचातील किती दीर्घिका आहेत हे मोजून तिला त्या प्रमाणात वजन दिले जाते. दुसरा उपाय म्हणजे तेजस्वी वस्तूंना कृत्रिमरीत्या अंधूक करून प्रशिक्षण संच वाढवण्याचा. २०१८ च्या प्लास्टिक (PLAsTiCC) या वर्गीकरण-स्पर्धेत रुबिनसाठी तयार केलेले कृत्रिम प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचे आलेख, दिले होते. प्रशिक्षणासाठी जेमतेम आठ हजार, बहुतांशी तेजस्वी वस्तू, आणि ओळखायला सुमारे पस्तीस लाख. ती जिंकणाऱ्या काइल बून यांनी प्रत्येक प्रकाशवक्र गॉसियन प्रोसेस या सांख्यिकी पद्धतीने गुळगुळीत केला, त्याच वस्तू अधिक दूर असत्या तर कशा दिसल्या असत्या याच्या नव्या आवृत्त्या बनवल्या, त्यांत योग्य तो गोंगाट मिसळला आणि मगच मॉडेल शिकवले. माझ्या मते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने अभ्यासावे असे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण त्यात यशाचे श्रेय मॉडेलच्या गुंतागुंतीला नसून नमुन्यातील तफावत ओळखण्याला आहे.

तिसरा उपाय म्हणजे नकार देणे. जे उदाहरण हाती आहे त्यालाच वजन देता येते, नसलेल्याला नाही. रंग-अवकाशाच्या ज्या कोपऱ्यात एकही ज्ञात दीर्घिका नाही, तिथे मॉडेलचे उत्तर कितीही आत्मविश्वासाने आलेले असले तरी ते अंदाजपंचेच असते. डॅनिएल मास्टर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये रंगांच्या अवकाशाचा स्व-संघटित नकाशा (सारख्या रंगांच्या दीर्घिका जवळच्या घरांत मांडणारा) काढून त्यातील कोणत्या घरांत वर्णपट उपलब्ध नाहीत ते दाखवले आणि त्या रिकाम्या घरांसाठी मुद्दाम निरीक्षणे घेण्याची दिशा दिली. आपल्याला नवी निरीक्षणे शक्य नसली, तरी त्या घरांतील दीर्घिकांवर 'मॉडेलच्या कक्षेबाहेर' अशी खूण करणे नक्कीच शक्य आहे.

चौथी पायरी: चाचणी संच आधी बाजूला काढा

ऐंशी टक्के वस्तू प्रशिक्षणाला आणि वीस टक्के मॉडेल तपासण्यासाठीच्या चाचणी संचाला, अशी यादृच्छिक पद्धतीने विभागणी करणे ही सवय खगोलशास्त्रात अनेकदा फसवते. शेजारच्या दीर्घिका एकाच रात्री, सारख्याच वातावरणात टिपलेल्या असतात, त्यांच्या कॅलिब्रेशनमधील चूक सारखी असते, आणि त्या एकाच दीर्घिका-समूहातल्या असल्या तर त्यांची रेडशिफ्टही जवळपास एकच असते. त्यांतली एक प्रशिक्षणात आणि दुसरी चाचणीत गेली, तर मॉडेलला उत्तर जणू शेजाऱ्याकडून कळते. म्हणून आकाशाचे हीलपिक्ससारख्या जाळीने तुकडे करावेत आणि पूर्ण तुकडेच या किंवा त्या संचात टाकावेत. प्रकाशवक्रांच्या बाबतीत एका ताऱ्याची सर्व निरीक्षणे एकाच संचात राहिली पाहिजेत.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात दोन सर्वेक्षणांच्या वर्णपटसूची एकत्र केल्या होत्या. निकाल इतका सुरेख आला की गटात सगळेच सुखावले. नंतर लक्षात आले की तीच दीर्घिका दोन्ही सूचींत विकलेच्या एखाद्या दशांशाने वेगळ्या निर्देशांकांसह आहे. कोडच्या लेखी त्या दोन दीर्घिका होत्या, आणि अशा हजारो जोड्यांतील एकेक प्रशिक्षणात तर दुसरी चाचणीत होती. जोड्या काढून टाकल्यावर त्रुटी जवळपास दुप्पट झाली. तेव्हापासून निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला की मी आधी जुळणी तपासतो.

उत्तर मॉडेलपर्यंत झिरपण्याची अशी गळती इतर वाटांनीही होते. वर्णपट घेताना वापरलेल्या प्लेटचा क्रमांक, वस्तू कोणत्या गटात लक्ष्य म्हणून निवडली होती त्याची नोंद, किंवा एखाद्या वस्तूवर किती वेळा निरीक्षण झाले तो आकडा, हे सगळे स्तंभ उत्तराची चुगली करतात. सुपरनोव्हा असल्याचा संशय आला म्हणूनच तिच्याकडे जास्त वेळा पाहिले गेले असेल, तर 'निरीक्षणांची संख्या' हे वैशिष्ट्य मॉडेलला भौतिकशास्त्र शिकवत नाही. नव्या वस्तूची पहिली सूचना येते तेव्हा ती माहिती अस्तित्वातच नसते.

चाचणी संच एकदा बाजूला काढला की मॉडेल निवडण्यासाठी तो उघडू नये. त्यासाठी वेगळा पडताळणी संच असतो.

पाचवी पायरी: साध्या पद्धतीने पाया घाला

न्यूरल नेटवर्कआधी तीन निकाल हातात असावेत: प्रत्येक दीर्घिकेला सरासरी रेडशिफ्ट दिली तर किती चूक होते, सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांच्या पद्धतीने किती होते, आणि रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग या निर्णय-वृक्षांवर आधारलेल्या पद्धतींनी किती होते. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत हे काम एका दुपारी होते. दीर्घिकांच्या ज्ञात वर्णपटांचे साचे जुळवून रेडशिफ्ट काढण्याची जुनी, भौतिकशास्त्रावर आधारलेली पद्धतही याच वेळी चालवून पाहावी. अंधूक दीर्घिकांच्या प्रांतात, जिथे प्रशिक्षणाची उदाहरणे संपतात, तिथे ती बरेचदा अधिक विश्वासार्ह ठरते. मोजक्या स्तंभांच्या सारणीवर गुंतागुंतीचे नेटवर्क साध्या पद्धतींपुढे फारसे जात नाही, हेही या तुलनेत दिसून येते.

सहावी पायरी: गरज असेल तिथेच खोल नेटवर्क

नेटवर्कचा खरा फायदा सारणीत न मावणारी माहिती असते तिथे, म्हणजे प्रतिमा आणि प्रकाशवक्र यांत, होतो. योहाना पास्के आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये स्लोनच्या पाच फिल्टरांतील ६४ गुणिले ६४ पिक्सेलच्या प्रतिमा थेट कन्व्होल्यूशनल (प्रतिमांसाठीच्या) नेटवर्कला दिल्या आणि रेडशिफ्टमधील विखुरण, म्हणजे त्रुटींचा पसारा, ०.०१ च्या खाली आणले. हा आकडा मुख्य नमुन्यातील तेजस्वी दीर्घिकांचा आहे, हे तो उद्धृत करताना सांगितलेच पाहिजे.

ग्रह शोधण्यासाठी सोडलेल्या केप्लर दुर्बिणीच्या डेटाचे उदाहरण डेटाच्या मांडणीसाठी पाहण्यासारखे आहे. ख्रिस्तोफर शालू आणि अँड्र्यू व्हँडरबर्ग यांनी प्रत्येक संशयित अधिक्रमणाचा (ताऱ्यासमोरून ग्रह जाताना तेज घटण्याचा) प्रकाशवक्र त्याच्या आवर्तकाळावर दुमडला आणि नेटवर्कला एकाच वेळी दोन दृश्ये दिली: संपूर्ण कक्षेचे २००१ बिंदूंचे आणि तेज घटते त्या भागाचे २०१ बिंदूंचे. दुसऱ्या दृश्यात खाचेचा आकार दिसतो. पहिल्यात कक्षेच्या अर्ध्यावर आणखी एक खाच आहे का ते दिसते, आणि तशी खाच असेल तर तो ग्रह नसून एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असण्याचा संभव असतो. अनुभवी खगोलशास्त्रज्ञ जे दोन आलेख शेजारी ठेवून निर्णय घेतो, तेच दोन आलेख नेटवर्कला मिळाले. सुमारे पंधरा हजार लेबल लावलेल्या, म्हणजे उत्तर आधीच ठरवलेल्या, संकेतांवर शिकलेल्या या मॉडेलमुळे डिसेंबर २०१७ मध्ये केप्लर-९० या ताऱ्याचा आठवा ग्रह जाहीर झाला.

प्रतिमा फिरवून प्रशिक्षण संच वाढवणे योग्यच आहे, कारण आकाशात वर-खाली असे काही नसते. आरशातील प्रतिमा वापरताना मात्र प्रश्न काय आहे ते आठवावे. सर्पिल दीर्घिकांची फिरण्याची दिशा ओळखायची असेल, तर आरसा लेबलच बदलून टाकतो. लेबलांबद्दलही हीच सावधगिरी हवी. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलक्सी झू प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांनी दीर्घिकांचे वर्गीकरण केले. घड्याळाच्या उलट दिशेच्या सर्पिलांची नोंद जास्त होते आहे असे दिसल्यावर संशोधकांनी आरशातील प्रतिमा दाखवून पाहिल्या, आणि तो कल आकाशाचा नसून पाहणाऱ्यांचा असल्याचे निष्पन्न झाले. अशा लेबलांवर शिकलेले मॉडेल तो कलही इमानेइतबारे शिकते. म्हणून मतांचे 'होय' किंवा 'नाही' करून टाकण्याऐवजी मतांचे प्रमाण तसेच ठेवून त्यावर शिकवावे.

सातवी पायरी: एका आकड्यावर समाधान मानू नका

वर्गीकरणात नुसती अचूकता फसवी असते. एचटीआरयू-२ या प्रसिद्ध पल्सार-संचात (पल्सार म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणारे तारे) १७,८९८ उमेदवारांपैकी १,६३९ खरे पल्सार आहेत. सगळ्यांना 'पल्सार नाही' म्हणणाऱ्या मॉडेलची अचूकता जवळपास ९१ टक्के भरते. तिथे शुद्धता आणि पूर्णता, म्हणजे निवडलेल्यांपैकी खरे किती आणि खऱ्यांपैकी सापडले किती, हे दोन्ही आकडे द्यावेत.

रेडशिफ्टसाठी प्रत्येक दीर्घिकेची त्रुटी अशी काढतात: अंदाजित रेडशिफ्टमधून खरी वजा करून 'एक अधिक खरी रेडशिफ्ट' याने भागणे. या त्रुटींचा मध्यक म्हणजे एका बाजूचा झुकाव. मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक घेऊन त्याला १.४८ ने गुणले की विखुरण मिळते, आणि ०.१५ पेक्षा मोठी त्रुटी असलेल्या दीर्घिकांचे प्रमाण वेगळे सांगितले जाते. तिन्ही आकडे प्रत आणि रेडशिफ्ट यांच्या पट्ट्यांनुसार काढावेत, कारण संपूर्ण संचाची सरासरी तेजस्वी दीर्घिकांच्या बहुमताखाली अंधूक दीर्घिकांची दुरवस्था झाकते.

त्यानंतर सर्वांत मोठ्या चुका झालेल्या पन्नास वस्तू काढून त्यांच्या प्रतिमा आणि वर्णपट एकेक करून पाहावेत. ही मला या सगळ्या कामातली सर्वांत आवडती पायरी वाटते, कारण इथे आकड्यांमागचे आकाश दिसते. काही ठिकाणी दोन दीर्घिका एकमेकींवर आलेल्या असतात, काही ठिकाणी तेजस्वी ताऱ्याची आभा पसरलेली असते, काही ठिकाणी वर्णपटावरून काढलेली 'खरी' रेडशिफ्टच चुकलेली असते. आणि काही चुका भौतिक असतात. जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकांच्या वर्णपटात ४००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीपाशी तेज एकदम पडते, रेडशिफ्ट ०.२ असेल तर ही पायरी ४८०० अँगस्ट्रॉमला दिसते. हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषेच्या अलीकडेही, म्हणजे १२१६ अँगस्ट्रॉमखाली, दूरच्या दीर्घिकांचे तेज घटते. रेडशिफ्ट ३ असेल तर ती जागा ४८६४ अँगस्ट्रॉमला येते. रुंद फिल्टरांच्या डोळ्यांनी पाहिले, तर या दोन दीर्घिका जवळपास सारख्याच दिसतात. अशा वेळी नेटवर्कचे थर वाढवून काही साधत नाही. जी माहिती फिल्टरांत नाही ती मॉडेल कुठून आणणार? अवरक्त फिल्टरांची जोड मिळाली, तर हा पेच बराच सुटतो.

आठवी पायरी: उत्तरासोबत अनिश्चितता, आणि तिचीही परीक्षा

वरच्या उदाहरणात 'रेडशिफ्ट १.६' असे मधलेच उत्तर देणारे मॉडेल सरासरीने कमी चुकते, पण प्रत्येक वेळी चुकते. म्हणून एका आकड्याऐवजी संभाव्यतेचे पूर्ण वितरण मागावे, ज्यात ०.२ आणि ३ अशी दोन शिखरे उमटू शकतील. वितरण मिळाले की ते प्रामाणिक आहे का हे तपासावे. मॉडेलने सांगितलेल्या ६८ टक्के पट्ट्यात पडताळणी संचातील सुमारे ६८ टक्के खरी मूल्ये पडली पाहिजेत. अधिक कसून पाहायचे असेल तर प्रत्येक दीर्घिकेच्या वितरणाचा किती भाग खऱ्या मूल्याच्या खाली येतो ते मोजून त्या आकड्यांचा आयतालेख काढावा. तो सपाट हवा. दोन्ही टोकांना उंच असेल तर मॉडेलला फाजील आत्मविश्वास आहे, मध्ये फुगला असेल तर ते नको इतके घाबरते, आणि एकीकडे कललेला असेल तर झुकाव आहे. ही परीक्षाही प्रतीच्या पट्ट्यांनुसार घ्यावी.

नववी पायरी: कृत्रिम संकेत मिसळून पूर्णता मोजा

मॉडेलने दिलेली यादी विज्ञानासाठी वापरायची, तर 'आपल्याला काय सापडले नाही' हेही सांगता आले पाहिजे. केप्लरच्या गटाने हे काम आदर्श पद्धतीने केले. २०१७ च्या अंतिम सूचीसाठी त्यांनी खऱ्या डेटात कृत्रिम अधिक्रमणे मिसळली आणि स्वयंचलित प्रणालीला त्यांतली किती सापडतात ते मोजले. खोटे संकेत किती येतात हे कळावे म्हणून त्यांनी प्रकाशवक्र उलटे केले, जेणेकरून खाचांचे उंचवटे होतील आणि खरा ग्रह दिसूच शकणार नाही. शिवाय कालखंडांचा क्रम विस्कटूनही पाहिला. अशा डेटात प्रणालीला जे काही 'ग्रह' सापडतात ते व्याख्येनेच खोटे असतात. ही युक्ती आपल्या समस्येत कशी बसवता येईल याचा विचार प्रत्येकाने करावा, कारण तिच्यामुळे 'अमुक तेजाच्या, अमुक आकाराच्या वस्तूंपैकी इतके टक्के आम्हाला सापडतात' असे विधान करता येते, आणि त्या विधानाशिवाय कोणत्याही प्रकारच्या वस्तूंची खरी संख्या काढता येत नाही.

दहावी पायरी: शोधनिबंध आणि सूची

चाचणी संच आता एकदाच उघडावा आणि येईल तो निकाल लिहावा. शोधनिबंधात प्रशिक्षण संच कसा निवडला गेला, विभागणी कशी केली, कोणत्या रांगा का काढल्या आणि साध्या पद्धतींचे निकाल काय होते, हे नेटवर्कच्या रचनेइतक्याच तपशिलाने यावे. वर्णपटाच्या दर्जाची खूण पाहून रांगा गाळल्या असतील, तर त्यांतून मुख्यतः अंधूक दीर्घिकाच गळाल्या असणार, हेही नमूद करावे. कोड, सॉफ्टवेअर लायब्ररींच्या आवृत्त्या, यादृच्छिक क्रमाची बीजे आणि शिकलेल्या मॉडेलची फाइल झेनोडोसारख्या कायमस्वरूपी भांडारात ठेवावी.

सूची प्रसिद्ध करताना प्रत्येक रांगेत अंदाजासोबत वितरण, प्रशिक्षण संचापासूनचे अंतर आणि कक्षेबाहेरची खूण हे स्तंभ द्यावेत. आणि सर्वेक्षणाचे नवे रिलीज येईल तेव्हा जुने मॉडेल त्यावर तसेच चालवू नये. प्रकाशमापनाची प्रणाली किंचित जरी बदलली असली तरी रंग सरकतात, म्हणून आधी तिसऱ्या पायरीतला दोन संच वेगळे ओळखणारा वर्गीकारक जुन्या आणि नव्या रिलीजमधील त्याच दीर्घिकांवर चालवावा, आणि त्याला फरक ओळखता आला तर मॉडेल पुन्हा शिकवायला घ्यावे.